व्हिडिओ गेमची चौर्यप्रत आणि प्रतसंरक्षणाचा वाद : एक विवेचन

प्रस्तावना

ग्रंथ, ध्वनिमुद्रिका, चित्रपट आणि संगणक आज्ञावली या चारही क्षेत्रांत नक्कल करणे जसजसे सोपे व स्वस्त होत गेले, तसतसा निर्मात्याचा हक्क आणि ग्राहकाची सोय यांतील संघर्ष तीव्र होत गेला. व्हिडिओ गेम हे या संघर्षाचे सर्वांत बोलके उदाहरण होय. गेम ही एकाच वेळी कलाकृतीही असते आणि आज्ञावलीही असते. छापील पुस्तकाला आपल्या वाचकाची ओळख विचारता येत नाही. गेमला मात्र ती विचारता येते, आणि उत्तर समाधानकारक न वाटल्यास आपले दार बंदही करता येते. या एका तांत्रिक क्षमतेतून गेली चार दशके चाललेला प्रतसंरक्षणाचा वाद निर्माण झाला आहे.

चौर्यप्रत गैर आहे, याविषयी कायद्यात व नीतीत फारसे दुमत नाही. खरा प्रश्न निराळा आहे. चोरी रोखण्यासाठी जे उपाय योजले जातात त्यांची किंमत कोण मोजतो, आणि ती किंमत मिळणाऱ्या लाभाच्या तुलनेत योग्य आहे काय, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात प्रतसंरक्षणाची वाटचाल, सन २००८ मधील ‘स्पोअर’ या गेमचे गाजलेले प्रकरण, नुकसानीच्या मोजमापाविषयीचे संशोधन, कायद्याची भूमिका आणि सांस्कृतिक जतनाचा मुद्दा या क्रमाने या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रतसंरक्षणाची वाटचाल

आज्ञावलीची नक्कल हा प्रश्न घरगुती संगणकाइतकाच जुना आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी वापरकर्त्यांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. अल्टेअर संगणकाच्या मालकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी त्यांची ‘बेसिक’ ही प्रणाली विकत घेतली असून उरलेले लोक ती फुकट वापरत आहेत, अशी त्यांची तक्रार होती. श्रमाचा मोबदला मिळणार नसेल तर चांगली आज्ञावली लिहिण्याचे कष्ट कोण घेईल, हा त्यांचा प्रश्न पुढील काळात गेम-निर्मात्यांनी वारंवार विचारला.

१९८० च्या दशकात गेम कॅसेट व फ्लॉपीवर मिळत असत आणि घरच्या घरी त्यांची नक्कल करता येई. त्यावर निर्मात्यांनी शोधलेले उपाय कल्पक होते. गेम सुरू होताना सोबतच्या पुस्तिकेतील अमुक पानावरील अमुक शब्द विचारला जाई. १९९० मधील ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या गेमसोबत पुठ्ठ्याची दोन फिरती चक्रे दिली होती. त्यांवरील चाच्यांचे चेहरे पडद्यावरील चेहऱ्याशी जुळवून वर्षाचा आकडा सांगावा लागे. ‘लेन्सलॉक’ या उपायात पडद्यावरील विस्कटलेली अक्षरे प्लॅस्टिकच्या भिंगातून पाहून वाचावी लागत. १९८५ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी आलेल्या ‘इलाइट’ या गेमच्या काही ग्राहकांना चुकीचे भिंग मिळाले आणि पैसे भरूनही त्यांना गेम खेळता आली नाही. प्रामाणिक ग्राहकच अडचणीत येण्याचा जो प्रकार पुढे वारंवार घडला, त्याचे बीज येथे दिसते.

सीडीचा काळ आल्यावर संरक्षणाचे स्वरूप बदलले. ‘सेफडिस्क’, ‘सिक्युरॉम’ आणि ‘स्टारफोर्स’ या प्रणाली मूळ तबकडीची भौतिक वैशिष्ट्ये तपासत. तबकडीवर मुद्दाम ठेवलेले सदोष भाग किंवा माहितीच्या मांडणीतील सूक्ष्म फरक साध्या नक्कल-यंत्राला जसेच्या तसे उतरवता येत नसत. त्यामुळे नक्कल ओळखू येई. मात्र या तपासणीसाठी काही प्रणालींना संगणकाच्या कार्यप्रणालीत खोलवर शिरणारे घटक बसवावे लागत. २००५ मध्ये सोनी बीएमजी कंपनीच्या संगीताच्या सीडी ग्राहकाच्या संगणकावर स्वतःला लपवणारी आज्ञावली बसवतात, हे उघडकीस आले आणि अशा सर्वच उपायांविषयी ग्राहकांच्या मनात संशय निर्माण झाला. २००६ मध्ये युबिसॉफ्ट या प्रकाशकाने ग्राहकांच्या तक्रारींनंतर स्टारफोर्सचा वापर थांबवला.

यानंतरचा टप्पा इंटरनेटवरून परवाना पडताळण्याचा होय. व्हॉल्व्ह कंपनीची ‘स्टीम’ ही सेवा सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ खेळण्यासाठी तिच्यावर नोंदणी करणे बंधनकारक झाले. येथून गेम हा ‘वस्तू’ राहिला नाही, तो ‘खाते’ झाला.

‘स्पोअर’चे प्रकरण

या वादाचे सर्व पैलू एकत्र पाहायचे असतील तर सप्टेंबर २००८ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘स्पोअर’ या गेमकडे वळावे लागते. विल राइट यांची संकल्पना असलेली आणि मॅक्सिस या संस्थेने घडवलेली ही गेम इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने प्रकाशित केली. तिच्याविषयी अनेक वर्षे उत्सुकता होती. गेममध्ये सिक्युरॉमचे इंटरनेट पडताळणी करणारे रूप वापरले होते. दर दहा दिवसांनी पडताळणी करण्याची मूळ योजना ग्राहकांच्या विरोधामुळे प्रकाशनापूर्वीच मागे घेण्यात आली. परंतु एक प्रत केवळ तीन संगणकांवर कार्यान्वित करता येईल, ही मर्यादा कायम राहिली. संगणक बदलला किंवा कार्यप्रणाली नव्याने बसवली, तर या तीनपैकी एक संधी खर्ची पडण्याची शक्यता होती. आपण गेम विकत घेतली नसून मर्यादित मुदतीसाठी भाड्याने घेतली आहे, अशी भावना ग्राहकांत निर्माण झाली.

ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर अल्पावधीत दोन हजारांहून अधिक ग्राहकांनी या गेमला केवळ एक तारा दिला. त्यांतील बहुतेकांचा आक्षेप खेळाच्या गुणवत्तेवर नव्हता, तो संरक्षणप्रणालीवर होता. त्याच महिन्यात अमेरिकेत या प्रणालीविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. सिक्युरॉम ग्राहकाला पूर्वसूचना न देता संगणकावर बसते आणि गेम काढून टाकल्यावरही मागे राहते, असे त्यात म्हटले होते. कंपनीने ही मर्यादा तीनवरून पाचवर नेली. पुढे एका संगणकावरील परवाना मोकळा करून दुसऱ्यावर वापरण्याची सोयही देण्यात आली.

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची बाब पुढे आहे. संरक्षण काढून टाकलेली ‘स्पोअर’ची प्रत अधिकृत प्रकाशनापूर्वीच इंटरनेटवर उपलब्ध झाली होती. टोरंटफ्रीक या संकेतस्थळाच्या अंदाजानुसार २००८ मध्ये सर्वाधिक बेकायदा उतरवली गेलेली गेम ‘स्पोअर’ हीच होती आणि ही संख्या सुमारे १७ लाख होती. म्हणजे चौर्यप्रत वापरणाऱ्याला कोणतीही मर्यादा नव्हती, पडताळणी नव्हती आणि अडथळाही नव्हता. मर्यादा होती ती केवळ पैसे मोजणाऱ्याला. पुढील वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, याच कंपनीने ‘द सिम्स ३’ प्रकाशित करताना ऑनलाइन पडताळणी वगळून साधी क्रमांक-पद्धत स्वीकारली, यावरून या अनुभवाचा परिणाम लक्षात येतो.

तथापि उद्योगाने यातून एकच धडा घेतला असे नाही. मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ व ‘सायलेंट हंटर ५’ या गेमना इंटरनेटशी अखंड जोडणी बंधनकारक केली. त्याच महिन्यात कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि काही काळ विकत घेणाऱ्यांनाच खेळता येईना. २०१२ मध्ये कंपनीने ही अट सोडून दिल्याचे जाहीर केले. मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’च्या प्रकाशनावेळी सर्व्हर कोलमडले आणि एका वर्षानंतर, मार्च २०१४ मध्ये, ही गेम जोडणीविना खेळण्याची सोय द्यावी लागली.

संरक्षण का भेदले जाते ?

प्रत्येक संरक्षणप्रणाली आज ना उद्या का भेदली जाते, याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. गुप्त संदेशाच्या शास्त्रात पाठवणारा आणि स्वीकारणारा हे दोघे विश्वासू असतात व शत्रू बाहेर असतो. प्रतसंरक्षणात मात्र ज्याच्यापासून रहस्य लपवायचे तो आणि ज्याला ते द्यायचे तो, या दोन्ही व्यक्ती एकच असतात. गेम चालायची तर तिच्या आज्ञा ग्राहकाच्याच संगणकावर उलगडाव्या लागतात. म्हणजे कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याच्या घरी पोचवावी लागतात. किल्ली शोधणे अवघड करता येते, अशक्य करता येत नाही. शिवाय ती एकाने शोधली की उरलेल्या सर्वांना शोधण्याची गरज राहत नाही.

याची जाणीव ठेवूनच २०१४ पासून ‘डेन्यूव्हो’ ही ऑस्ट्रियात विकसित झालेली प्रणाली पुढे आली. ‘फिफा १५’ ही तिचा वापर करणाऱ्या पहिल्या गेमपैकी एक होय. ही प्रणाली परवान्याची तपासणी करणाऱ्या भागाभोवती एक क्लिष्ट कवच उभे करते. गेमच्या काही आज्ञा मुद्दाम गुंतागुंतीच्या रूपात लिहिल्या जातात व त्या विशिष्ट संगणकाशी बांधल्या जातात. गेम कायमची सुरक्षित ठेवण्यापेक्षा विक्रीचे पहिले काही आठवडे सुरक्षित ठेवणे, हे तिचे व्यावहारिक उद्दिष्ट आहे. अनेक प्रकाशक हा काळ उलटल्यावर ती स्वतःहून काढून टाकतात. २०१६ मधील ‘डूम’ या गेममधून ती त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये काढण्यात आली.

या कवचाचा भारही ग्राहकाच्या संगणकावर पडू शकतो. २०२१ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ या गेमची संरक्षण काढलेली प्रत अधिकृत प्रतीपेक्षा अधिक सुरळीत चालते, असे आढळून आले. तेथे डेन्यूव्होच्या जोडीला प्रकाशक कॅपकॉमचे स्वतःचे संरक्षणही होते. कंपनीने पुढे सुधारित आवृत्ती देऊन हा दोष दूर केला.

नुकसानीचे मोजमाप

चौर्यप्रतीमुळे किती नुकसान होते, हा या वादाचा आर्थिक गाभा होय. एक चौर्यप्रत म्हणजे एक बुडालेली विक्री, हे समीकरण सोपे असले तरी ते टिकत नाही. कारण फुकट मिळाले म्हणून घेणारा प्रत्येक जण पैसे देऊन ते घेतलाच असता असे नाही. रिफ्लेक्झिव्ह एंटरटेनमेंट या लहान कंपनीचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. ‘रिकोशे इन्फिनिटी’ या त्यांच्या गेमच्या वापरात असलेल्या प्रतींपैकी सुमारे ९२ टक्के प्रती चोरीच्या असल्याचे त्यांना आढळले. त्यांनी आपले संरक्षण टप्प्याटप्प्याने कडक केले आणि विक्रीवरील परिणाम नोंदवला. हजार चौर्यप्रती रोखल्यावर सुमारे एक विक्री वाढली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ गू’ या गेमला कोणतेही प्रतसंरक्षण नव्हते. तिच्याही सुमारे ९० टक्के प्रती चोरीच्या असल्याचा निर्मात्यांचा अंदाज होता. संरक्षण असणे व नसणे या दोन्ही स्थितींत प्रमाण जवळपास सारखेच राहिले.

युरोपीय आयोगाने एकॉरिस या संस्थेकडून करवून घेतलेला व २०१५ मध्ये पूर्ण झालेला अभ्यास २०१७ मध्ये सार्वजनिक झाला. सहा देशांतील सुमारे ३०,००० व्यक्तींच्या पाहणीवर आधारित या अभ्यासात, नव्या गाजलेल्या चित्रपटांचा अपवाद वगळता, बेकायदा प्रतींमुळे विक्री घटते याचा भक्कम सांख्यिकीय पुरावा आढळला नाही. गेमच्या बाबतीत तर परिणाम अनुकूल दिशेने असल्याचे अनुमान निघाले.

परंतु एवढ्यावरून प्रतसंरक्षण निरर्थक ठरवणे घाईचे होईल. विल्यम व्होल्कमन यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सप्टेंबर २०१४ ते २०२२ अखेर स्टीमवर आलेल्या, डेन्यूव्हो वापरणाऱ्या ८६ गेमचा विचार केला आहे. खेळाडूंचे अभिप्राय व खेळाडूंची संख्या यांवरून त्यांनी विक्रीचा अंदाज बांधला. पहिल्याच आठवड्यात संरक्षण भेदले गेल्यास उत्पन्नात सुमारे २० टक्के घट होते, आणि बारा आठवड्यांनंतर भेदले गेल्यास घट जवळजवळ शून्य असते, असे त्यांना दिसून आले. दोन्ही अभ्यास परस्परविरोधी भासतात. पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. एक अभ्यास सर्वसाधारण ग्राहकवर्तनाविषयी आहे, तर दुसरा मोठ्या गेमच्या आरंभीच्या विक्रीविषयी. दोन्ही एकत्र वाचल्यास निष्कर्ष असा निघतो की प्रतसंरक्षणाला आर्थिक मूल्य आहे, मात्र ते अल्पकाळाचे आहे. ग्राहकावर लादलेला भार मात्र बहुधा त्याहून दीर्घकाळ टिकतो.

लहान निर्मात्याची व्यथा या आकड्यांत हरवू नये. २०१३ मध्ये ग्रीनहार्ट गेम्स या छोट्या संस्थेने आपल्या ‘गेम डेव्ह टायकून’ या गेमची एक वेगळी प्रत स्वतःच चौर्यप्रत म्हणून इंटरनेटवर सोडली. त्या प्रतीत खेळाडूने उभारलेली काल्पनिक गेम-कंपनी चौर्यप्रतींमुळेच दिवाळखोरीत निघे. पहिल्या दिवशी २१४ जणांनी अधिकृत प्रत आणि ३,१०४ जणांनी ही चौर्यप्रत खेळली. त्यांतील काहींनी आपली कंपनी चोरीमुळे बुडत असल्याची तक्रार केली आणि त्यावर उपाय विचारला, हे विशेष.

सेवेचा पर्याय

व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये मांडलेली भूमिका या चर्चेत वारंवार उद्धृत होते. चौर्यप्रत हा बहुतांशी किमतीचा नसून सेवेचा प्रश्न आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अधिकृत प्रत उशिरा, अपुऱ्या भाषांत किंवा गैरसोयीने मिळत असेल तर ग्राहक चोराकडे वळतो. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट कंपनीने २००८ मध्ये सुरू केलेले ‘गॉग’ हे विक्रीकेंद्र प्रतसंरक्षण नसलेल्या गेम विकते. याच कंपनीची ‘द विचर ३’ ही गेम २०१५ मध्ये तेथे संरक्षणाविना उपलब्ध झाली आणि २०२३ पर्यंत सर्व माध्यमांवर मिळून तिच्या ५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले.

भारताच्या संदर्भात किमतीचा मुद्दाही दुर्लक्षिता येत नाही. २००० च्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत गेमच्या चौर्यसीडी सहज मिळत. डॉलरमधील किंमत येथील विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची होती आणि परदेशी व्यवहाराचे साधनही त्याच्याकडे नव्हते. स्टीमवर रुपयांत किमती नोव्हेंबर २०१५ मध्ये आल्या. अधिकृत मार्ग खुला नसताना आडवाट रुळते, एवढा बोध त्यातून घेता येतो. मात्र त्यामुळे ती वाट कायदेशीर ठरत नाही.

कायद्याची भूमिका

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६ च्या प्रताधिकार कराराने तांत्रिक संरक्षणाला कायद्याचे पाठबळ देण्याचे बंधन सदस्य देशांवर घातले. त्यानुसार अमेरिकेने १९९८ मध्ये केलेल्या कायद्यात संरक्षण भेदण्याची कृती स्वतंत्रपणे बेकायदा ठरवली. ही कृती प्रताधिकाराचा भंग करण्यासाठी केली की नाही, हा विचार तेथे गौण आहे. म्हणून ग्रंथालये व संशोधक यांना ठरावीक काळाने सवलती मागाव्या लागतात.

भारताने याबाबत अधिक संयमी मार्ग स्वीकारला आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ समाविष्ट झाले. त्यानुसार संरक्षण भेदणे हा दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड यांस पात्र असा गुन्हा आहे. परंतु त्यासाठी प्रताधिकाराचा भंग करण्याचा हेतू असणे आवश्यक आहे. कायदेशीरपणे आज्ञावली बाळगणाऱ्यास ती हरवल्यास वा खराब झाल्यास उपयोगी पडावी म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा कलम ५२ देते. दुसऱ्या बाजूस कलम ६३ ब नुसार आज्ञावलीची चौर्यप्रत जाणीवपूर्वक संगणकावर वापरणे हाही गुन्हा आहे. महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळा याला अपवाद नाही, ही बाब अध्यापकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जतनाचा आणि मालकीचा प्रश्न

विक्रीचे आठवडे संपतात, पण कलाकृतीचे आयुष्य संपत नाही. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीने सुरक्षेच्या कारणास्तव सेफडिस्क व जुन्या सिक्युरॉमच्या घटकांना थारा दिला नाही. परिणामी मूळ तबकडी जपून ठेवणाऱ्यांच्याच अनेक गेम चालेनाशा झाल्या. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या अभिजात गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. अशा वेळी संरक्षण काढलेली बेकायदा प्रत हीच काही कृतींची चालू स्थितीतील प्रत उरते, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास होय.

युबिसॉफ्टने २०१४ मधील ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि ती विकत घेणाऱ्या कोणालाही खेळता येईनाशी झाली. त्यानंतर सुरू झालेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेच्या युरोपीय नागरिक उपक्रमाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्निया राज्याच्या १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असल्यास विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. ‘विकत घ्या’ या शब्दांचा अर्थ काय, हा प्रश्न आता विधिमंडळापर्यंत पोचला आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, निर्मात्याचा मोबदल्याचा हक्क निर्विवाद आहे आणि आरंभीच्या काळातील संरक्षणाला पुराव्याचा आधारही आहे. दुसरी, कोणतेही संरक्षण कायम टिकत नाही. त्यामुळे त्याचा भार ग्राहकावर कायम ठेवण्याचे समर्थन करता येत नाही. तिसरी, संरक्षण काढून न घेता उद्योग पुढे सरकला, तर कृतीचे जतन करण्याचे काम चोरांच्या हाती जाते.

म्हणून संरक्षणाला मुदत असावी, ग्राहकाला त्याची पूर्वकल्पना द्यावी आणि सर्व्हर बंद करताना गेम चालू राहील अशी व्यवस्था करावी, ही मागणी वाजवी ठरते. प्रताधिकारालाही कायद्याने मुदत घातली आहे, कारण कृती अखेर समाजाची व्हावी असा त्यामागचा हेतू आहे. कुलपाला मुदत नसेल, तर प्रताधिकार संपल्यावरही समाजाच्या हाती केवळ न उघडणारी पेटी येईल. विद्यार्थ्यांना चौर्यप्रतीपासून परावृत्त करताना अध्यापकांनी या दुसऱ्या बाजूचीही ओळख करून दिली, तर तो उपदेश अधिक प्रामाणिक आणि म्हणूनच अधिक परिणामकारक होईल.